एकरी १,४५२ पिशव्या

जळगाव जिल्ह्याच्या रावेर-यावल पट्ट्यात केळी पाच बाय सहा फुटांवर लावली तर एकरी १,४५२ रोपं बसतात. आता बहुतेक लागवड टिश्यू कल्चरची असते आणि नर्सरीतून रोपं येतात ती काळ्या प्लास्टिकच्या छोट्या पिशवीत. लागणीच्या दिवशी बाया पिशवी ब्लेडने चिरतात, मुळांचा गोळा फुटू न देता रोप खड्ड्यात बसवतात, माती दाबतात आणि पुढच्या खड्ड्याकडे सरकतात. पिशवी मागे पडते. दिवस मावळताना कुणीतरी पोतं घेऊन त्या वेचत फिरतं. वेचलेल्या पिशव्या बांधावर जळतात, सुटलेल्या पहिल्याच वखरणीत मातीखाली जातात. दर नव्या लागणीला पुन्हा तेवढ्याच.

मी याच पट्ट्यातल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते आणि माझं सासर केळीवाल्यांचं आहे. या पिशव्यांचा मला राग येतो, कारण त्यांच्या जागी काय वापरता येईल ते त्याच वावरात उभं असतं. केळीच्या झाडाला एकदाच घड लागतो. घड उतरवला की खोडाचं काम संपतं. वीसेक किलोचं ते खोड कापून सरीत पाडतात, नाहीतर ट्रॅक्टरने ओढून बांधाला लावतात. म्हणजे एकरी १,४५२ पिशव्या आणि एकरी तितकीच खोडं. खोडातल्या तंतूंपासून पिशवी करता येते का, ती रोपाला नर्सरीत सांभाळेल का आणि नंतर रोपासकट मातीत पुरली तर माती तिला पचवेल का, एवढाच माझा विषय आहे. शेतीतल्या टाकाऊ मालापासून प्लास्टिकसारखी फिल्म करण्याच्या बातम्या आपण वरचेवर वाचतो. त्या खऱ्या असतात, पण त्यांत पाणी, खर्च आणि शेवट या तीन गोष्टी बहुधा सुटलेल्या असतात. मला त्यांच्याविषयीच लिहायचं आहे.

आधी काळ्या पिशवीचं बघू. ती पॉलिथिलीनची. इंग्लंडमधल्या आयसीआय कंपनीत १९३३ साली रेजिनाल्ड गिब्सन आणि एरिक फॉसेट हे दोघं प्रचंड दाबाखाली इथिलीन वायूवर प्रयोग करत होते आणि भांड्यात त्यांना पांढरा मेणचट पदार्थ सापडला. कार्बनला कार्बन जोडलेली हजारो दुव्यांची साखळी, बाजूंना फक्त हायड्रोजन. या साखळीत पाणी शिरत नाही आणि ती तोडायला कुठे पकड घ्यावी असं ठिकाण जंतूंच्या विकरांना सापडत नाही. उन्हाने ती ठिसूळ होते, तिचे तुकडे होतात, तुकड्यांचे कण होतात. कण मात्र राहतात. ज्या गुणांमुळे ती रोपाला आठ आठवडे ओलाव्यात टिकवते, त्याच गुणांमुळे ती पुढची कित्येक दशकं मातीत टिकते.

झाडंही साखळ्याच तयार करतात. ग्लुकोजचे रेणू एका पद्धतीने जोडले की स्टार्च होतो, दुसऱ्या पद्धतीने जोडले की सेल्युलोज. कच्च्या केळात पहिला भरलेला असतो, खोडात दुसरा. दोन्हींच्या सांध्यात ऑक्सिजनचा अणू असतो आणि नेमका तोच सांधा तोडायची हत्यारं मातीतल्या बुरश्यांकडे आणि जिवाणूंकडे कोट्यवधी वर्षांपासून आहेत. म्हणून मातीत पडलेलं खोड वर्षभरात दिसेनासं होतं.

स्टार्चची फिल्म करणं सोपं आहे, शाळेच्या प्रयोगशाळेतही होते. आमच्याकडे मे-जूनमध्ये वादळ आलं की उभ्या बागा आडव्या होतात. न भरलेले घड व्यापारी घेत नाहीत, ते गुरांपुढे जातात नाहीतर बांधावर सडतात. अशा कच्च्या केळाच्या गरातलं पाणी काढलं तर उरलेल्या वजनाचा ७० ते ८० टक्के भाग स्टार्च असतो. केळ पिकलं की त्याचीच साखर होते, त्यामुळे हे काम कच्चेपणीच उरकावं लागतं.

मी आणि माझे विद्यार्थी केळी पाण्याखाली धरून सोलतो. चीक हवेत आला की काळा पडतो, आणि केळीच्या चिकाचा डाग कपड्यावरून जात नाही हे इथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. गर किसून लिंबू पिळलेल्या थंड पाण्यात टाकायचा, मिक्सरमधून काढायचा, फडक्यातून गाळायचा. गाळलेलं पाणी तासभर निवळू दिलं की तळाशी घट्ट पांढरा थर बसतो. वरचं पाणी ओतायचं, नवं घालायचं, ढवळायचं, पुन्हा निवळू द्यायचं. पाणी स्वच्छ राहायला लागलं की थर वाळवायचा. या पुडीचे पाच ग्रॅम, १०० मिली पाणी आणि दीड-दोन मिली ग्लिसरीन बीकरमध्ये घेऊन मंद आचेवर सतत हलवायचं. बराच वेळ काही घडत नाही. सत्तर अंशांच्या पुढे गेलं की दुधाळ पाणी अचानक जड होतं आणि कुरडईचा चीक शिजतो तसं अर्धपारदर्शक व्हायला लागतं. स्टार्चचे कण फुगून फुटलेले असतात, आतल्या साखळ्या पाण्यात मोकळ्या झालेल्या असतात. हा गरम चीक सपाट अ‍ॅक्रिलिकच्या ताटलीत ओतून चाळीस-पन्नास अंशांवर रात्रभर ठेवायचा. पाणी उडून जाताना साखळ्या एकमेकींना चिकटतात. सकाळी कडा नखाने उचलली तर सबंध पापुद्रा सुटून येतो. तो लवचिक असतो, त्यातून खिडकी दिसते. पहिल्यांदा तो हातात घेतलेल्या मुलामुलींचे चेहरे बघण्यासारखे असतात.

ग्लिसरीन साखळ्यांच्या मधे शिरून त्यांना घसरायला जागा ठेवतं. ते घातलं नाही तर फिल्म काचेगत तडकते. जास्त घातलं तर ती ओशट होते आणि हवेतली ओल ओढून घेते. स्टार्चची खरी अडचण इथेच सुरू होते. मे महिन्यात जळगावकडची कोरडी हवा लागली की फिल्म ताटलीतून सोडवतानाच चिरते आणि जुलैत तीच फिल्म, तेच प्रमाण, तरी ती ताटली सोडत नाही. महिनाभर ठेवली तर साखळ्या पुन्हा रांगेत बसायला लागतात आणि आज मऊ असलेली फिल्म कडक होते. पाण्याचा थेंब पडला तर त्या जागी मऊ डाग पडतो, बोट लावलं की भोक. ज्या पिशवीत ओली माती भरायची आहे आणि जिच्यावर दिवसातून दोनदा पाणी पडणार आहे, ती नुसत्या स्टार्चची करता येणार नाही. म्हणून मी खोडाकडे वळले.

खोड म्हणजे खरं तर पानांच्या देठांचे एकमेकांत घट्ट गुंडाळलेले पदर. त्याच्या वजनात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असतं. यंत्रात घालून गाळ खरवडला की लांब, चमकदार धागा हाती येतो. वीस किलोच्या खोडातून वाळलेला धागा साधारण २०० ग्रॅम. आमच्या भागात आणि पलीकडे बऱ्हाणपूरला असा धागा काढून त्याच्या टोपल्या, चटया, दोर करणारे लोक आहेत. गुजरातेत नवसारी कृषी विद्यापीठाने खोडाचा धागा, कागद आणि खोडाच्या रसापासून द्रवरूप खत अशा सगळ्या अंगांनी काम केलं आहे. धाग्याचा निम्म्याहून अधिक भाग सेल्युलोज असतो. लाकडात सेल्युलोजला लिग्निन नावाच्या टणक पदार्थाने जखडून ठेवलेलं असतं. केळीच्या धाग्यात लिग्निन त्या मानाने कमी, त्यामुळे सौम्य कॉस्टिक सोड्यात उकळून, धुऊन, हायड्रोजन पेरॉक्साईडने उजळवला की पांढरा लगदा मिळतो. इथपर्यंतची वाट कागदाच्या गिरणीचीच आहे.

लगद्याची फिल्म करणं मात्र अवघड. पॉलिथिलीन १२० अंशांच्या आसपास वितळतं, मग गरम नळीत हवा भरून ते हव्या त्या जाडीला ताणता येतं. पिशव्यांचे सगळे कारखाने याच यंत्रांवर चालतात. सेल्युलोज वितळतच नाही. तापवत राहिलं तर ते करपतं. पाण्यातही विरघळत नाही. म्हणजे आधी त्याला विरघळवणारं काहीतरी शोधायचं, त्या द्रावणाचा पातळ थर द्यायचा आणि मग विरघळवणारा पदार्थ पुन्हा काढून टाकायचा.

हे कोडं शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एकाने सोडवलं होतं. झाक ब्रांडेनबर्गर हा स्विस रसायनतज्ज्ञ फ्रान्समधल्या कापडाच्या धंद्यात होता. उपाहारगृहात टेबलावर वाईन सांडली आणि चादर डागाळली, तेव्हा डाग न धरणारं कापड करायचं त्याच्या मनात आलं, अशी हकिगत सांगतात. त्याने कापडावर विरघळवलेल्या सेल्युलोजचा थर दिला. कापड कडक झालं, कामाचं राहिलं नाही, पण थर अखंड सोलून निघाला. मग त्याने कापड सोडून दिलं आणि थराच्या मागे लागला. १९१२ च्या सुमाराला तो यंत्रावर ही फिल्म काढू लागला. तोच सेलोफेन. हारांना, मिठाईच्या पुड्यांना, अगरबत्तीला आपण गुंडाळत आलो तो चुरचुरणारा कागद मूळचा झाडाचा. आता त्या नावाने बाजारात मिळतो तो बहुतेक वेळा पॉलिप्रॉपिलीनचा असतो.

सेलोफेनच्या इतिहासातून मला दोन गोष्टी घ्यायच्या आहेत. पहिली पाण्याची. सुरुवातीचं सेलोफेन पाणी अडवायचं, पण बाष्प अडवायचं नाही. त्यात गुंडाळलेली बिस्किटं मऊ पडायची. अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीच्या विल्यम हेल चार्च याने १९२७ साली त्यावर अतिशय पातळ मेणयुक्त लेप बसवला, तेव्हा कुठे ते खाद्यपदार्थांच्या दुकानात पसरलं. आज जे कोणी शेतमालापासून फिल्म करतात ते सगळे याच पाण्याशी झुंजत आहेत. दुसरी गोष्ट विषाची. सेलोफेनसाठी सेल्युलोज विरघळवायला कार्बन डायसल्फाईड लागतं आणि त्याची वाफ कामगारांच्या मज्जासंस्थेला, हृदयाला अपाय करते. कच्चा माल झाडाचा होता, शेवट मातीत होता, मधला रस्ता मात्र विषारी होता. त्यामुळे कुणी ‘शेतकचऱ्यापासून बनवलेली’ फिल्म दाखवली की ती कशात विरघळवली हे मी आधी विचारते.

याचं एक चांगलं उत्तर अमेरिकेतल्या साउथ डकोटा राज्य विद्यापीठातून आलं आहे. तिथे श्रीनिवास जनास्वामी आणि त्यांचे विद्यार्थी मक्याची धाटं, अव्होकॅडोची सालं असा माल घेऊन फिल्म करतात. केळीच्या सालीवरही त्यांनी काम केलं आहे. सालीतला तंतुमय भाग ते ६८ टक्के झिंक क्लोराईडच्या पाण्यातल्या द्रावणात विरघळवतात आणि कॅल्शियमच्या आयनांनी साखळ्या एकमेकींना बांधून घेतात. केळीच्या सालीच्या फिल्मची ताण सोसण्याची ताकद त्यांनी ३० मेगापास्कल मोजली. साध्या पॉलिथिलीनच्या पिशवीच्या ती तोडीची आहे. एकवीस टक्के ओलाव्याच्या मातीत ही फिल्म तीस दिवसांत विघटन पावली. यात कार्बन डायसल्फाईड नाही, वास नाही, आणि जस्त तर आपण पिकाला सूक्ष्मद्रव्य म्हणून देतोच. पण ६८ टक्के म्हणजे पाण्यापेक्षा मीठ जास्त. ते धुऊन काढलेलं पाणी आटवून पुन्हा वापरता आलं तरच या पद्धतीचा कारखाना उभा राहील. धुवण ओढ्याला सोडलं तर जस्ताचा अतिरेक मातीलाही बाधतो आणि माशांनाही. झिंक क्लोराईड परत मिळवण्याचा खर्च हा या सगळ्या शोधाचा कणा आहे असं मी मानते आणि बातम्यांत नेमका तोच नसतो.

दुसरी वाट नॅनोसेल्युलोजची. मुंबईत माटुंग्याला केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था आहे, सिरकॉट नावाने ओळखतात ती. १९२४ सालची संस्था. तिथे सेल्युलोजचे तंतू रगडून रगडून नॅनो आकाराला आणण्याचा प्रायोगिक प्रकल्प आहे. असा सेल्युलोज थोडासा जरी स्टार्चच्या चिकात मिसळला तरी फिल्म बळकट होते आणि पाण्याला थोडी कमी बळी पडते. आमच्या प्रयोगशाळेत नॅनोपर्यंत जायची सोय नाही. आम्ही खोडाचा लगदा मिक्सरमध्ये बराच वेळ रगडतो, स्टार्चमध्ये मिसळतो आणि सायट्रिक अ‍ॅसिड घालून गरम करतो. लिंबातलं हे आम्ल साखळ्यांच्या मधे पूल बांधतं. ही फिल्म पारदर्शक नसते, जाड पिवळट असते, आत धाग्यांचे गुंते दिसतात. पाण्यात टाकली की फुगते, पण फाटत नाही. रोपाच्या पिशवीतून आरपार दिसायची गरज कुणाला आहे?

आता शेवट. आम्ही फिल्मचे चौकोन नायलॉनच्या जाळीच्या पिशव्यांत घालून केळीच्या ओळीत, ठिबकच्या नळीखाली, टाचेइतक्या खोलीवर पुरतो. शेजारी तेवढ्याच आकाराचा काळ्या पिशवीचा तुकडा आणि दुकानातून आणलेल्या ‘इको’ पिशवीचा तुकडा. स्टार्चची फिल्म दोन आठवड्यांतच जाळीतून नाहीशी होते, खोडाची हळूहळू भोकं पडत काळी होते, काळी पिशवी धुतली की नवी दिसते. दुकानातली ‘इको’ पिशवीही बहुतेक तशीच निघते. पण एका विद्यार्थिनीने विचारलं, "मॅडम, नाहीशी झाली म्हणजे पचली कशावरून? बारीक होऊन मातीत मिसळली असेल तर?" प्रश्न बिनतोड होता. त्याचं उत्तर जाळीत मिळत नाही. बंद बरणीत माती आणि फिल्म ठेवायची, आत कॉस्टिक पोटॅशचा छोटा पेला ठेवायचा आणि जंतूंनी श्वासातून सोडलेला कार्बन डायऑक्साईड त्यात किती शोषला गेला ते ठरावीक दिवसांनी मोजायचं. फिल्ममधला कार्बन वायू होऊन बाहेर आला तरच ती पचली. जगातल्या बहुतेक प्रमाणित चाचण्या याच हिशेबावर उभ्या आहेत.

आणि चाचणी कुठल्या तापमानाची, यावर सगळं अवलंबून असतं. बाजारात कंपोस्ट होणाऱ्या म्हणून ज्या प्रमाणित पिशव्या मिळतात त्यांच्यासाठी आयएसओ १७०८८ हे मानक आहे. त्यात ९० टक्के कार्बन १८० दिवसांत मोकळा व्हावा लागतो, पण तो ५८ अंशांच्या आसपास तापलेल्या कंपोस्टच्या ढिगात. पीएलए नावाचं प्लास्टिक याच वर्गातलं. ऊस किंवा मक्याच्या साखरेपासून लॅक्टिक आम्ल आणि त्यापासून पीएलए करतात. जेजुरीला प्राज इंडस्ट्रीजने २०२४ साली असा प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू केला, आपल्या साखरपट्ट्याला ती महत्त्वाची गोष्ट आहे. पण पीएलएच्या साखळ्या पन्नास-साठ अंशांखाली गोठल्यागत राहतात. शहराने ओला कचरा वेगळा केला आणि तापणारा कंपोस्ट प्रकल्प चालवला तर ती पिशवी तिथे पचेल. नाल्यात किंवा वावरात टाकली तर वर्षानुवर्षं पडून राहील. दुकानातली पिशवी आमच्या बागेत का कुजली नाही, याचं एक कारण हे असू शकतं. दुसरं कारण साधी लबाडी. केंद्राच्या नियमांप्रमाणे अशी पिशवी विकायला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं आणि मार्च २०२४ च्या दुरुस्तीने ‘जैवविघटनशील’ म्हणवणाऱ्या प्लास्टिकने सूक्ष्मकण मागे ठेवता कामा नयेत असंही स्पष्ट केलं. हिरवं पान छापणं मात्र फुकट आहे.

शेतात वापरायच्या फिल्मसाठी युरोपने २०१८ मध्ये वेगळं मानक केलं, ईएन १७०३३. त्यात साध्या मातीत, २० ते २८ अंशांवर, दोन वर्षांत ९० टक्के कार्बन बाहेर यायला हवा. मला हीच कसोटी योग्य वाटते. मल्चिंग पेपरला, म्हणजे प्लास्टिकच्या आच्छादनाला, ती लावून बघा. कलिंगड, मिरची, टोमॅटो करणारा शेतकरी २५-३० मायक्रॉनचा पेपर बेडवर अंथरतो, तण थांबतं, पाणी वाचतं. पीक निघाल्यावर तो गोळा करायला मजूर मिळत नाहीत. वेलींत अडकलेला पेपर ओढला की फाटतो. मग रोटाव्हेटर फिरतो आणि चिंध्या कायमच्या मातीच्या होतात. चीनमध्ये वर्षानुवर्षं आठ मायक्रॉनचा पेपर वापरला गेला. शिनजियांगच्या कापसाच्या जमिनीत त्याचे तुकडे इतके साठले की मुळांना आणि पाण्याला अडथळा व्हायला लागला. शेवटी सरकारला जाडीची किमान मर्यादा वाढवावी लागली, म्हणजे निदान गोळा करताना तो फाटू नये. आपला पेपर जाड आहे, पण आपणही त्याच रस्त्यावर आहोत.

तरीही मी मल्चिंगपासून सुरुवात करायला सांगणार नाही. मल्चिंगला ऊन सोसायचं असतं, वारा सोसायचा असतो, ओल्या बेडवर तीन-चार महिने ताणून राहायचं असतं. खोडाच्या फिल्मला ते आज झेपणार नाही. बाजाराच्या पिशवीचंही तेच. भाजीवालीच्या हातात ती ओली होणार, आणि वापरून झाल्यावर ती कुठे जाणार हे कुणाच्याच हातात नसतं. रोपाच्या पिशवीचं सगळं आधीच ठरलेलं असतं. ती सावलीतल्या शेडमध्ये असते, सहा-आठ आठवडे टिकली की पुरे, आणि ती शेवटी कोणत्या मातीत, किती खोलीवर, किती ओलाव्यात जाणार हे आपल्याला तंतोतंत माहीत असतं. ती फाडायचीही गरज नाही, मुळं तिच्यातून बाहेर येतील. पिशवी चिरताना तुटणारी केसमुळं वाचतील हा वरचा फायदा. महाराष्ट्राने २३ मार्च २०१८ ला प्लास्टिकबंदी आणली तेव्हाही रोपवाटिका आणि शेतीसाठी कंपोस्ट होणाऱ्या पिशव्यांना मुभा ठेवली होती. वाट मोकळी आहे, माल यायचा आहे.

माझे सासरे, आप्पा, हे सगळं ऐकून घेतात. त्यांचा आक्षेप पिशवीवर नव्हताच. "सूनबाई, खोड तू नेशील, मग बागेला पोटॅश कुठून देशील?" असं त्यांनी विचारलं, आणि टाकाऊ माल हा शब्द मी तेव्हापासून जपून वापरते. केळ पोटॅश भरपूर खातं आणि खोडात त्याचा मोठा साठा असतो. सरीत कुजलेलं खोड पुढच्या पिलबागेला, म्हणजे बुंध्याच्या पिलांवर धरलेल्या पुढच्या पिकाला, तो परत देतं, गांडुळांना खायला देतं, ओल धरून ठेवतं. देशात पिकांचे अवशेष दरवर्षी सुमारे ५० कोटी टन निघतात असा आकडा सांगतात, पण त्यातलं बरंच गुरांच्या पोटात, चुलीत, छपरावर आणि मातीत जातं. कारखान्यांनी ते फुकटचा माल समजून उचललं तर जमिनीचं पोट रिकामं होईल.

म्हणून आम्ही हिशेब मांडला. काळी पिशवी तराजूत दोन-तीन ग्रॅम भरते. आपली जाड धरू, दहा ग्रॅम. १,४५२ पिशव्यांना साडेचौदा किलो फिल्म. एका खोडाच्या २०० ग्रॅम धाग्यातून १२० ग्रॅम सेल्युलोज मिळतं, पण शिजवताना, धुताना, कापताना निम्मं वाया गेलं असं समजू. तरीही साधारण २४२ खोडं लागतात, म्हणजे सहा खोडांमागे एक. बाकीची पाच सरीतच राहतात. आणि नेलेल्या खोडाचाही फक्त धागा लागतो. गाळ आणि रस, ज्यात पोटॅश असतं, ते यंत्र बांधावर आणलं तर तिथेच वावरात ओतता येतात. नव्वद टक्के पाणी ट्रॅक्टरने वाहून न्यायचं नसेल तर यंत्र बांधावर आणावंच लागेल. आप्पांनी आकडे दोनदा तपासले आणि कडेच्या दोन ओळींची खोडं आम्हाला दिली.

केळीचा आणखी एक फायदा आहे. तुरीच्या काड्या, कापसाच्या पऱ्हाट्या वर्षातून एकदाच निघतात, कारखान्याला त्या साठवाव्या लागतात. आमच्याकडे मृगबाग आणि कांदेबाग असे दोन हंगाम, शिवाय पिलबागा. कुठे ना कुठे खोड रोज पडतं.

सावद्याकडच्या एका नर्सरीवाल्यांना आमच्या पिशव्या दाखवल्या. त्यांनी आत कोकोपीट आणि माती भरली, पाणी घातलं आणि शेडमध्ये ठेवल्या. त्यांची एकच अट होती: "ट्रेमधून उचलताना तळ सुटायला नको. एक रोप पडलं तर ते माझ्या खिशातून जातं." तळ सुटला. फिल्म धड होती, सुटली ती शिवण. पॉलिथिलीनची पिशवी गरम पट्टीने दाबली की कडा वितळून एकजीव होतात. सेल्युलोज वितळत नाही, त्यामुळे आम्ही कडा स्टार्चच्या खळीने चिकटवल्या होत्या आणि खळ पाण्याने सुटली. आता खळीतही सायट्रिक अ‍ॅसिड घालून ती चिकटवल्यावर भट्टीत भाजून बघतोय. दुसरीकडे पिशवी चिकटवण्याऐवजी लगदाच साच्यावर ओतून बिनशिवणीची कुंडी करता येते का, हे दोन विद्यार्थी बघत आहेत. साच्यातली कुंडी जाड होते, धागा जास्त खाते, सहामागे एक हा हिशेब मग तीनमागे एकवर जातो, आणि आप्पांशी पुन्हा बोलावं लागेल. भाजलेल्या खळीच्या पिशव्या येत्या मृगबागेच्या रोपांसाठी त्याच शेडमध्ये ठेवणार आहोत, काळ्या पिशव्यांच्या शेजारी, त्याच फवाऱ्याखाली. दर आठवड्याला किती तळ सुटले ते मोजायचं, आणि लागणीनंतर मुळं पिशवीतून कितव्या दिवशी बाहेर आली ते खणून बघायचं.